‘ड्राफ्ट तूच आण, सही मी करतो’

प्रश्न थोडक्यात असा: गडहिंग्लज भागातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमकडे त्यांच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने परदेशातल्या प्रवेशासाठी शिफारसपत्र मागितलंय. मुलगा चांगला आहे, पण पहिल्या-दुसऱ्या नंबरातला नाही. विभागप्रमुख म्हणाले, “त्यात काय एवढं, ड्राफ्ट त्यालाच आणायला सांगा आणि सही करून टाका.” मॅडमचं शिकवण्याचं हे तिसरं वर्ष. त्या विचारतात, हे बरोबर आहे का, पत्रात नेमकं लिहायचं काय, आणि मी कायम नोकरीत नसताना माझ्या सहीला किंमत किती?

मॅडम, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत. मी कोल्हापुरात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, शेवटची काही वर्षं विभागप्रमुखही होतो. आमच्या कॉलेजचं नाव इस्लामपूरपासून आजऱ्यापर्यंत कुणालाही सांगा, “हां, तिथं माझा भाचा होता” असंच ऐकू येईल. पण जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या प्रवेश समितीपुढे तुमची सही काय आणि माझी काय, दोन्ही अनोळखीच. माझ्या नावापुढे ‘प्रोफेसर अँड हेड’ असायचं, त्याने पहिली ओळ जरा बरी दिसायची. दुसऱ्या ओळीपासून आपण दोघं एकाच पायरीवर.

जॉन नॅश या गणितज्ञासाठी १९४८ साली त्याच्या प्राध्यापकांनी प्रिन्स्टन विद्यापीठाला लिहिलेलं पत्र तुम्ही पाहिलं असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. जेमतेम चार-पाच ओळी, आणि शेवटी ‘हा गणितातला प्रतिभावंत आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य. आमचे एक सहकारी ते दाखवून म्हणायचे, “बघा, एवढंच पुरतं.” तिथे पुरलं, कारण लिहिणारे रिचर्ड डफिन स्वतः नावाजलेले गणितज्ञ होते. त्यांनी ‘प्रतिभावंत’ म्हटलं तर त्या शब्दाचं वजन काय, हे वाचणाऱ्याला ठरवता येत होतं. माझ्या ‘ब्रिलियंट’ला तसं वजन नाही. मग आपल्या पत्रातलं वजन कुठून येणार? आपण त्या मुलाला काय करताना पाहिलं, तिथून. समितीला मी माहीत नाही, पण मी सांगितलेली घटना खरी वाटते की नाही हे तिथल्या कुणाही रसायनवाल्याला कळतं. माझी सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

आपली पत्रं इथेच का कमी पडतात, तर आपण शिफारसपत्र लिहायला बसतो आणि दाखला लिहून उठतो. बोनाफाईड, चारित्र्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला या कागदांवर आपण वाढलो. दाखल्याचं काम एकच, या इसमाविरुद्ध आमच्याकडे काही तक्रार नाही हे सांगणं. म्हणून मग ‘टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न’पासून सुरुवात होते, मध्ये ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ओबिडियंट’ येतं, पुढे ‘बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर’, आणि शेवटी ‘आय विश हिम ऑल सक्सेस इन लाइफ’. खाली शिक्का. बाहेरचा माणूस हे वाचतो आणि त्याचा सरळ अर्थ लावतो: या शिक्षकाला या मुलाबद्दल सांगण्यासारखं काही सापडलेलं नाही. ‘ओबिडियंट’ हा शब्द तर संशोधनाच्या पत्रात मारकच. सांगितलं तेवढंच करणारा विद्यार्थी कुठल्या गाइडला हवा असतो?

आता माझीच एक चूक सांगतो. शिरोळ तालुक्यातली एक मुलगी एम.एस्सी.ला माझ्याकडे प्रोजेक्टला होती. पंचगंगेच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, विंकलरच्या पद्धतीने. म्हणजे पाण्यात दोन रसायनं (रिएजंट) घालायची, ऑक्सिजन असला की तपकिरी साका, म्हणजे गाळ, तयार होतो, नसला की पांढरा. चार ठिकाणचे नमुने ठरले, वरती प्रयाग चिखली, मग पंचगंगा घाट, पुढे खालच्या टप्प्यातलं एक ठिकाण आणि शेवटी नृसिंहवाडी. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी तिने पत्र मागितलं तेव्हा मी पहिल्या झटक्यात काय लिहिलं असेल? ‘अतिशय मेहनती, नम्र आणि वक्तशीर विद्यार्थिनी.’ सही करणार तेवढ्यात वाटलं, यातली प्रत्येक ओळ मी गेल्या वर्षी दुसऱ्या एका मुलीसाठी लिहिली होती. अक्षरशः तीच. पत्र बाजूला ठेवलं आणि कॅन्टीनमध्ये चहा घेताना तिच्याबद्दल शेजारच्या सरांना सांगत बसलो. सांगताना जे तोंडून आलं ते असं:

“अहो, विंकलरला बाटली भरल्या भरल्या नदीकाठीच रिएजंट घालावं लागतं, नाहीतर कॉलेजात येईपर्यंत रीडिंगचा काय भरवसा? ही पोरगी तीनशे मिलिच्या बीओडी बाटल्या मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या डब्यात घालून सकाळच्या एसटीने जायची आणि घाटावर बसून दोन्ही रिएजंट घालायची. एप्रिलमध्ये खालच्या टप्प्यातल्या बाटलीत तपकिरी साका यायचा तो पांढरा आला. वर्गातली पोरं म्हणाली, रिएजंट गेलं. हिने दुसऱ्या दिवशी नवीन रिएजंट केलं, तिथलं पाणी घेतलं आणि सोबत चिखलीचंही घेतलं. चिखलीच्या बाटलीत साका तपकिरी, तिथल्या बाटलीत परत पांढराच. मग माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाली, सर, रिएजंट ठीक आहे, पाण्यातच ऑक्सिजन नाही. आणि गंमत म्हणजे, ताडून बघायला दुसरं पाणी घे असं मी तिला सांगितलंच नव्हतं.”

चहा संपला आणि मला पत्र सापडलं. त्यातलं शेवटचं वाक्य, म्हणजे मी सांगितलं नव्हतं हे, सगळ्या विशेषणांपेक्षा भारी. पांढरा साका म्हणजे ऑक्सिजन नाही, हे पुस्तकात असतं. पण आपलं रीडिंग वेडंवाकडं आलं की आधी स्वतःच्या हातावर शंका घ्यायची आणि ती शंका पडताळायचा मार्ग आपणच काढायचा, हे पुस्तकातून येत नाही, आणि संशोधनाला मुलं निवडणारे नेमकं तेच शोधत असतात.

तेव्हापासून मी पत्र आधी मराठीत बोलतो. खरंच बोलतो, घरी कुणी नसेल तर भिंतीशी. सौ.ला आता सवय झालीय. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की आपल्या बोटांना तीच दहा तयार वाक्यं ठाऊक असतात, हात आपोआप तिकडे वळतो. मराठीत सांगताना मात्र आपण घटना सांगतो, ‘ती सिन्सिअर आहे’ असं कुणी चहावर बोलत नाही. मग ती घटना साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवायची. इंग्रजी झुळझुळीत नसलं तरी चालतं. व्याकरण तेवढं कुणाकडून तपासून घ्या.

मुलीची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षकपदासाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड निघाली, आणि त्यांच्यात कष्टाळूपणाचं कौतुक जास्त होतं. पुरुषांबद्दल लिहिताना संशोधनाचा उल्लेख जास्त, स्त्रियांबद्दल लिहिताना शिकवण्याचा. तो वाचून मी माझी जुनी पत्रं काढून बसलो. मुलांच्या पत्रांत ‘बुद्धिमान’, मुलींच्या पत्रांत ‘मेहनती’ आणि ‘नम्र’. अभ्यास अमेरिकेचा, पण मासला अगदी आमच्या डिपार्टमेंटचा. आता मुलीचं पत्र झालं की मनातल्या मनात तिच्या जागी मुलाचं नाव घालून वाचतो. ‘नम्र’ खटकलं की काढतो.

आता ड्राफ्टचं. विभागप्रमुखांना दोष देत नाही, साठ मुलांचा वर्ग, परीक्षेचं काम, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, यात पत्राला वेळ कुठला? पण ड्राफ्ट मुलाकडून घेऊ नका. एक तर पत्र मी लिहिलंय असं सांगून तुम्ही त्याखाली सही करता, ती खोटी ठरते. दुसरं म्हणजे व्यवहारातच ते अंगावर येतं. मुलं ड्राफ्ट स्वतः लिहीत नाहीत, कन्सल्टन्सीवाला देतो किंवा हल्ली एआयकडून येतो. मुलाला तीन पत्रं लागतात, तिन्ही ड्राफ्ट एकाच जागेवरून निघतात आणि तीन वेगवेगळ्या शिक्षकांना एकाच मुलात तेच चार गुण त्याच क्रमाने दिसतात. वाचणाऱ्याच्या ते पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं. मुलाने लिहिलेलं स्वतःचं कौतुक एरवीही भरघोस आणि पोकळ असतं. बिचाऱ्याला माहीतच नसतं की तुम्ही त्याला कुठे बारकाईने पाहिलंय.

ड्राफ्टऐवजी मी टाचण मागतो. कुठे आणि कशासाठी अर्ज, शेवटची तारीख, गुणपत्रकं, स्वतःचं उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) कच्चं असलं तरी, आणि माझ्याच हाताखाली केलेल्या कामाची यादी. शिवाय प्रॅक्टिकलचं जर्नल आणायला सांगतो, त्यात खाडाखोड कुठे आहे ते बघायला मिळतं. मग एक प्रश्न विचारतो: “माझ्या लॅबमध्ये तुझं काय फसलं, आणि मग तू काय केलंस?” निम्मी मुलं गडबडतात, सरांना वाईट सांगायचं कसं म्हणून. जरा थांबलं की सांगतात, आणि बहुतेक वेळा पत्र तिथूनच निघतं. तुमच्या मुलाबाबतही हेच करून बघा. तो पहिल्या नंबराचा नाही हे गुणपत्रकात दिसणारच आहे, त्यावर तुम्ही पांघरूण घालू शकत नाही आणि घालूही नये. गुणपत्रकात जे येत नाही तेवढं तुमच्या हातात.

किती आणि कसं लिहायचं, हे मात्र पत्र कुठे चाललंय त्यावर ठरतं. पीएच.डी.साठी असेल तर संशोधनाची एकच घटना खोलात जाऊन लिहा, पत्र दीड पानापर्यंत गेलं तरी चालेल. संशोधनापेक्षा वर्गातल्या अभ्यासक्रमावर भर असलेल्या मास्टर्ससाठी एक पान बास, त्यात हा मुलगा अवघड अभ्यासक्रम रेटू शकेल का, हे यावं. आपल्याकडच्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्या अर्जालाही शिक्षकाचं पत्र लागतं. आपल्या भागातल्या पोरांना राष्ट्रीय पातळीच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करायची ती चांगली संधी असते, त्यामुळे ते पत्र कंटाळत लिहू नका. तिथे मुलगा काय शिकू पाहतोय याला महत्त्व. नोकरीसाठी असेल तर वेळेवर येणं, चौघांत मिळून काम करणं असल्या गोष्टी, ज्या पीएच.डी.च्या पत्रात मी एका ओळीत उरकतो. जर्मनीतले काही अभ्यासक्रम लेटरहेड, सही, शिक्का असलेला कागद मागतात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ऑनलाइन लिंक येते. त्यामुळे त्यांच्या सूचना मुलाकडून मागवून स्वतः वाचा. मुलगा तोंडी सांगतो त्यावर विसंबू नका.

ऑनलाइन लिंकसोबत बहुतेकदा एक तक्ता येतो: हा विद्यार्थी वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की त्याखाली? इथे आपली माणसं डोळे मिटून सगळीकडे १ टक्का करतात. साठाच्या वर्गात ५ टक्के म्हणजे तीन मुलं. तुमचा मुलगा त्या तिघांत नसेल तर नाही म्हणा, पण कशात आहे ते लिहा. तुमच्याकडे तीन वर्षांचा अनुभव आहे ना, मग मोजूनच लिहा, म्हणजे असं: ‘मी आतापर्यंत साधारण १८० विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकल शिकवलं. लेखी परीक्षेत हा पहिल्या वीसात येईल. पण उपकरण हाताळण्यात आणि बिघाड शोधण्यात पहिल्या पाचांत.’ आकडे अर्थात तुमचे, मी नुसता साचा दिला. तक्त्यातल्या एखाद्या रकान्यावर खालची खूण केली की वरच्या खुणांवर विश्वास बसतो.

एखादं सेमिस्टर पडलं असेल तर त्याचं काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा शिरोळ, करवीर भागातली आमची किती तरी मुलं घरातला चिखल काढत होती. पुस्तकं गेली, जर्नलं गेली. त्या सेमिस्टरचे गुण घसरले. बाहेरच्या माणसाला गुणपत्रकावर नुसता खड्डा दिसतो. अशा वेळी शिक्षकाने दोन वाक्यांत कारण लिहिलं तर त्याला अर्थ येतो, मुलाने स्वतः लिहिलं तर रडगाणं वाटतं. फक्त आधी मुलाला विचारा. घरची परिस्थिती, आजारपण, वडिलांचं व्यसन यातलं काहीही त्याच्या परवानगीशिवाय पत्रात घालायचं नाही. आणि कारण लिहिलं की लगेच पुढचं लिहा, पुढच्या सेमिस्टरला काय झालं. नुसती कणव वाटून कुणी प्रवेश देत नाही.

नकार देणं हा आपल्याकडचा सगळ्यात अवघड भाग. एका रविवारी सकाळी एका मुलाचे वडील गुळाची ढेप आणि काकवीची बाटली घेऊन दारात. मुलगा दोन वर्षं माझ्या तासाला मागच्या बाकावर होता, मला त्याचा चेहरासुद्धा धड आठवेना. वडिलांना चहा दिला, ढेप परत देता देता नाकी नऊ आले. मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, “मी नाही म्हणत नाही, पण मी लिहिलेलं पत्र बारीक होईल आणि बारीक पत्राने तुझं नुकसान होईल. इंटर्नशिप ज्यांच्याकडे केलीस त्यांना विचार, त्यांनी तुला रोज पाहिलंय.” तो गेला, आणि त्यांच्याकडून पत्रही मिळालं. तुमच्या हातून चांगलं पत्र होणार नसेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगणं म्हणजे दगा.

दुसरी फजिती माझीच. सुरुवातीच्या काळात दोन मुलांनी एकाच विद्यापीठात अर्ज केले. मी नाव बदलून एकच पत्र दोघांना दिलं, आणि एका परिच्छेदात नाव बदलायचं राहून गेलं. तिकडून नम्र मेल आली, हे पत्र नक्की कोणत्या उमेदवाराचं आहे ते कृपया कळवावं. कान लाल होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. दोघांचीही माफी मागितली, दोन्ही पत्रं नव्याने लिहिली.

तुमच्या पदाबद्दल थोडं. ‘तासिका तत्त्वावर’ हे लपवू नका आणि त्याची माफीही मागू नका. पहिल्या परिच्छेदात सरळ लिहा, मी अमुक विषय शिकवते, या विद्यार्थ्याला इतकी सेमिस्टर, आठवड्याला इतके तास प्रयोगशाळेत पाहिलंय. विभागप्रमुखांनी त्याला कधी पाहिलेलं नसेल, तुम्ही रोज पाहता, त्यामुळे पत्र तुमचंच बरं. अर्जात तीन पत्रं असतील तर एक विभागप्रमुखांचं असू द्या. अधिकृत मेल आयडीचा प्रश्न येईल. तासिकावाल्यांना बऱ्याच कॉलेजांत तो मिळत नाही. प्राचार्यांच्या कार्यालयात अर्ज द्या, माझ्या माहितीतल्या दोघांना तसा मिळाला. नाहीच मिळाला तर लेटरहेडवर कॉलेजचा दूरध्वनी ठळक असू द्या. एक मात्र पक्कं करा, फॉर्ममध्ये तुमच्या नावापुढे मुलाने जो मेल आयडी भरलाय तो तुमचाच आहे. सरांच्या नावाने जीमेल काढून स्वतःच पत्र चढवणारी मुलं मी पाहिली आहेत. पकडलं गेलं तर मुलाचा अर्ज तर जातोच, तुमचं नावही त्यात अडकतं.

अमेरिकेच्या अर्जात ‘हे पत्र पाहण्याचा हक्क सोडतो का’ असा प्रश्न असतो. तिथल्या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहायचा हक्क दिलाय, म्हणून ते विचारतात. मुलाला हक्क सोडायला सांगा, पत्र गोपनीय असलं तर वाचणारा ते जास्त मनावर घेतो. मी पत्र दाखवत नाही, पण कुठल्या घटनेबद्दल लिहिलंय ते मुलाला सांगतो, म्हणजे मुलाखतीत तो गोंधळत नाही.

वेळेचं गणित म्हणाल तर अमेरिकेच्या बऱ्याच पीएच.डी. अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, आणि मुलं दारात येतात ती दिवाळी आणि विद्यापीठाच्या परीक्षांच्या घाईत. मी तीन आठवड्यांची अट ठेवली होती, ती डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर लावली होती, तरी दरवर्षी एक तरी “सर, उद्या शेवटची तारीख” म्हणून यायचाच. एकदा द्यायचो, दुसऱ्यांदा नाही.

पत्र गेलं की त्याची प्रत मुलाचं नाव आणि वर्ष घालून ठेवा, आणि सोबत ते टाचणही. दोन वर्षांनी हाच मुलगा पीएच.डी.साठी परत येईल, तेव्हा ‘मॅडम, मला ओळखलं का’ म्हणेल, आणि तुम्हाला फाइल उघडली की खाडाखोड केलेलं ते जर्नलचं पान आठवेल.